देवापासून लपवलेली पोर

आमच्या घरात माझं कौतुक करायला बंदी होती. शेजारीण ओट्यावर टेकल्या टेकल्या सहज म्हणाली, ‘‘पोट्टी साजरी निंघाली व तुही,’’ की माय हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि तावातावाने सांगायची, ‘‘कायची साजरी! दात पाह्य तिचे, फावडे हायेत फावडे.’’ शेजारीणही शहाणी. ती लगेच मान हलवून म्हणायची, हो बाई, दात काही धड नाहीत. मी तिथंच बसलेली असायचे आणि जिभेने दात चाचपून बघायचे. माझे दात उत्तम होते. आज ऐंशीच्या घरात आले तरी त्यातले बरेचसे जागेवर आहेत, आणि अकोल्यातला माझा दातांचा डॉक्टर दर वेळी त्यांची वाहवा करतो. मायच्या कानावर ते पडलं असतं तर तिने त्यालाही गप्प बसवलं असतं.

त्याचं कारण असं, की माझ्याआधी मायला तीन लेकरं झाली होती आणि तिघांपैकी एकानेही पहिला पोळा पाहिला नाही. तिघांची नावं हौसेने ठेवलेली, बारशी वाजतगाजत झालेली. चौथ्या खेपेला मी झाले तेव्हा माय सावध होती. पाचव्या दिवशी मला एका फुटक्या सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. आधीच ठरवून ठेवलेली शेजारीण तिथं आली, ‘‘अव माय, हे कोनाचं लेकरू पडलं इथं?’’ असं चार घरांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडली आणि मला उचलून आमच्या दारात घेऊन आली. मायने तिला सूपभर कोंडा दिला आणि मला विकत घेतलं. म्हणजे मी हिच्या पोटची नाहीच, कुठंतरी सापडलेली, कोंड्याच्या मोलाची. आमच्या वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात, म्हणून माझं नाव उकंडी. तेव्हा गावोगाव एखादा उकंडा, एखादी उकंडी असायचीच, त्यामुळे मोठ्या माणसांना त्यात नवल वाटत नसे. देवाला साजरं, देखणं लेकरू दिसलं की तो ते नेतो, पण उकिरड्यावरच्या कचऱ्याकडे तो कशाला बघेल, असा त्यामागचा विचार. थोडक्यात, मायने मला देवापासून लपवून ठेवलं होतं. आणि लपवण्याच्या कामात ती फार तरबेज होती.

तिवशाहून कच्च्या रस्त्याने दोन कोस आत आमचं गाव. काळी जमीन, कपाशी, तूर, ज्वारी, दोन बैल, एक म्हैस, खाऊनपिऊन बरं चाललेलं. सणावाराला घरात सगळ्यांना नवं कापड यायचं, मला मात्र मायच्या जुन्या लुगड्याचं परकर-पोलकं. गालावर काजळाची तीट नव्हे, चांगला ठसठशीत डाग. जेवताना माझ्या ताटात वरून दिसायची ती कोरडी भाकर आणि आंबाडीची भाजी. पण भाकरीचा पापुद्रा उचलला की खाली लोणकढं तूप आणि गुळाचा खडा सापडायचा. बाबांच्या ताटातही तेवढं तूप नसायचं. कोणाला दाखवू नको, असं माय डोळ्यांनीच सांगायची आणि तोंडाने म्हणायची, ‘‘गिळ लवकर, लय खाते मेली.’’ हे सगळं प्रेम होतं हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं, की पोरं ‘‘उकंडे, तुले डुक्कर पाह्यून राह्यलं’’ म्हणून चिडवतात आणि सगळ्या गावात कचऱ्याचं नाव माझ्याच वाट्याला आलंय. मी रडत घरी यायचे. ‘‘माय, माह्यं नाव असं काहून ठेवलं?’’ माय चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, ‘‘जित्ती हायेस ना? मंग झालं.’’

गावात शाळा चौथीपर्यंतच. आमच्या मास्तरांनी बाबांना गाठलं. म्हणाले, अमरावतीला ख्रिस्ती मंडळींनी चालवलेलं मुलींचं वसतिगृह आहे, पोरगी हुशार आहे, पाठवा. बाबा मुळात कमी बोलायचे. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि नवव्या दिवशी बैलांची दमणी जुंपली. निघताना मायने मला जवळ घेतलं नाही. अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली, ‘‘घेऊन जा एकडाव, पीडा टळली.’’ हे वरच्याला ऐकवायला. मग आमच्या दमणीमागून वेशीपर्यंत चालत आली आणि तिथं माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘तिथं कोनी तुह्यं नाव बदलतो म्हनलं तर बदलू देऊ नोको. माही शपथ हाय तुले.’’ मी मान डोलावली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. शपथ मोडायला अजून आठ वर्षं अवकाश होता.

वसतिगृह म्हणजे एक लांबलचक कौलारू घर, पुढं दोन कडुनिंब आणि मागं विहीर. पहाटे हातघंटा वाजायची, तिच्या पाठोपाठ कुठूनतरी कापसाच्या जिनिंगचा भोंगा, आणि दुपारी शाळेतून परत आलं की भजनाच्या पेटीचे सूर. पेटीची एक पट्टी बिघडलेली होती, ती दाबली की पेटी खोकायची. त्यामुळे पुष्कळ वर्षं मला काही भजनं मध्येच खोकल्याखेरीज अपुरी वाटत. खायला भाकर, तुरीचं वरण, आणि रविवारी आलू-वांग्याचा झणझणीत रस्सा. नाताळच्या आधी आठवडाभर करंज्या-चकल्यांचा घाणा चालायचा आणि आम्ही पोरी चाखून बघण्याच्या नावाखाली पोटं भरून घ्यायचो. सगळ्यांवर मार्थाबाईंचा अंमल. या विधवा बाई अचलपूरकडच्या, आवाज खणखणीत, कमरेला किल्ल्या आणि केसांत कायम एक लाकडी फणी खोचलेली. पोरगी दिसली की धर, पुढ्यात बसव आणि उवा काढ, हा त्यांचा छंदच होता. पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं तशा पोरी फिसकन हसल्या. मार्थाबाईंनी चष्म्यावरून एकदा सगळ्यांकडे पाहिलं. हसू थांबलं, ते पुन्हा कधी माझ्या कानावर आलं नाही. पाठीमागे हसत असतीलच म्हणा.

दिवेलागणीला प्रार्थना असायची. त्या प्रार्थनेत मार्थाबाई डोळे मिटून एकेका मुलीचं नाव देवापुढे घेत. लीलाला ताप आहे, प्रेमलतेचं गणित कच्चं आहे, सुमनला घरची आठवण येते, असं एकेकीचं निवेदन. पहिल्या संध्याकाळी मी मागच्या खांबाला टेकून गंमत म्हणून ऐकत होते. माझा नंबर जवळ येतोय हे लक्षात आलं तशी माझी पाचावर धारण बसली. अकरा वर्षं मायने ज्याच्यापासून मला लपवलं, त्यालाच ही बाई आता माझं नाव, गाव, सगळं सांगणार! मी रांगत जाऊन त्यांचा पदर ओढला आणि म्हणाले, ‘‘बाई, माह्यं नाव नका घेऊ जी. त्याले समजन मी इथं हाये म्हनून.’’ दुसरी कोणी असती तर हसली असती, नाहीतर उपदेश केला असता. मार्थाबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बरं. नाही घेत.’’ आणि खरंच घेतलं नाही. त्या दिवसापासून सगळ्यांची नावं झाली की त्या म्हणायच्या, ‘‘आणि देवा, ती खांबाजवळची एक आहे, तिलाही सांभाळ.’’ मला ते ठीक वाटलं. खांबाजवळ काय, कोणीही बसू शकतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एकदा मला गोवर निघाला आणि चौदा दिवस मी पलीकडच्या खोलीत एकटी पडून होते. संध्याकाळी भिंतीपलीकडून नावं ऐकू यायची. लीला, प्रेमलता, सुमन, शेवटी ‘ती खांबाजवळची’. मी खांबाजवळ नव्हते, तरी बाई तेच म्हणत. आणि एका संध्याकाळी मला एकदम रडू फुटलं. भीतीचं नव्हे, रागाचं. एवढ्या सगळ्या पोरींना नावं आहेत, त्यांचा ताप, त्यांचं गणित कोणालातरी माहीत आहे, आणि मी तेवढी खांबाजवळची! दुसऱ्या दिवशी बाई पेज घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, ‘‘बाई, आजपासून माह्यं बी नाव घ्या.’’ त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. ‘‘भीती गेली का गं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. पन घ्या.’’ त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मार्थाबाईंच्या खणखणीत आवाजात माझं ते कचऱ्याचं नाव देवापुढे गेलं. मी श्वास धरून पडून राहिले. काही झालं नाही. म्हणजे बाहेर काही झालं नाही. आत मात्र इतकं बरं वाटलं, की पुढं आयुष्यभर मी त्या बरं वाटण्याचाच माग काढत गेले.

पुढच्या वर्षांत मी बायबलचे पाठ ऐकले, प्रश्न विचारून आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, भंडावून सोडलं, रागावले, पुन्हा गेले. ते सगळं इथं सांगत नाही. मनात रुजलं ते एवढंच, की ज्याच्यापासून मी लपत होते तो लेकरं पळवणारा नाही, तो बाप आहे, आणि मी त्याची पोर आहे. कोंड्याच्या बदल्यात घेतलेली नव्हे, त्याची स्वतःची. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मला आजही सांगता येत नाही. अमरावतीच्या भर बाजारातून वह्या-पुस्तकं घेऊन जाताना मी आपल्याशीच हसत असे. मॅट्रिकची परीक्षा झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि बाप्तिस्मा घ्यायचं ठरवूनच गावी गेले.

उन्हाळ्याचे दिवस, कुरडयांचा घाट घातलेला. अंगणात दोन बाजा टाकून त्यांवर धुतलेली धोतरं अंथरलेली, गव्हाचा चीक चुलीवर रटरटतोय, आणि माय साच्याने एकेक कुरडई घालतेय. मी चीक भरून देत होते. तिथंच मी सांगून टाकलं. मायच्या हातातली कुरडई थांबली नाही, पण गोल न होता वेडीवाकडी पसरत गेली. ती तशीच पुरी करून माय म्हणाली, ‘‘लोकं काय म्हनतीन ते मले नोको सांगू. तुह्या काकानं बोलनं सोडलं तर सोडो. पन एकोनीस वर्सं मी तुले त्याच्यापासून लपवलं, पोटभर पाह्यलं नाही तुह्याकडं, अन् आता तूच जाऊन त्याले पत्ता देऊन राह्यली?’’ मी म्हटलं, ‘‘माय, त्याले कवाचा माहीत हाय.’’ ‘‘अन् नाव बी बदलनार?’’ मी चीक ढवळत राहिले. बदलणार होतेच. माय साचा ठेवून उठली आणि आत जाऊन बसली. अर्धा चीक वाया गेला. बाबांना मी विचारलं तेव्हा ते गोठ्यात होते. ‘‘मले काई पुसू नोको,’’ ते म्हणाले, ‘‘तुह्यी माय हो म्हनन तर माह्यं बी हो.’’ माय नाही म्हणाली असती तर मी थांबले असते का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आले आहे. बहुधा नसते. पण तिला भीतीत सोडून मी आनंदात राहू शकले नसते, हेही तितकंच खरं.

दोन दिवसांनी माय आपण होऊन म्हणाली, ‘‘मले त्या तुह्या पाळकापाशी घेऊन चाल. मले एकच गोठ इचारायची हाय.’’ आम्ही अमरावतीला गेलो. पाळकसाहेब व्हरांड्यात बसले होते, घरातून चहा आला. माय खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली, तसे पाळकसाहेबही खुर्ची सोडून खाली बसले. मायने बशीला हात न लावता सरळ विचारलं, ‘‘तुमचा देव लेकरं नेते का?’’

मला वाटलं, आता साहेब चांगलं उत्तर देतील. प्रवचनात ते फार सुंदर बोलायचे. पण त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘माझी दोन गेली, बाई. डांग्या खोकल्यानं, एका महिन्यात.’’

‘‘नावं चांगली ठेवली असतीन.’’

‘‘चांगलीच ठेवली होती. पण नावामुळे गेली असं मी म्हणणार नाही. कशानं गेली ते मला अजून उमगलं नाही, अन् उमगलं असं खोटं तुम्हाला सांगणार नाही.’’

‘‘मंग त्याचं भेव नाही वाटत तुमाले?’’

‘‘भांडतो मी त्याच्याशी. पण भांडायला तरी समोर जावं लागतं ना? लपून भांडता येत नाही.’’ मग ते हळू म्हणाले, ‘‘त्या दोघांची नावं मी रोज त्याच्यापुढं घेतो. ती त्याच्याजवळ आहेत अशी माझी खात्री आहे.’’

मायने पदर तोंडाला लावला. ‘‘माह्ये तीन,’’ ती म्हणाली, आणि तिने त्यांची नावं सांगितली. माझ्या भावांची नावं मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. पाळकसाहेबांनी ती एकदा उच्चारून पाहिली, बरोबर आहेत ना असं विचारलं. मग दोघंही तो थंड चहा प्यायले. ‘हो’ असं माय म्हणाली नाही. निघताना म्हणाली, ‘‘कोनत्या आइतवारी हाय ते सांगजा. मी येईन.’’

इकडे वसतिगृहात माझ्या नव्या नावावरून धुमाकूळ चालला होता. पोरींनी चक्क मतदान घेतलं. रूथ, मार्था, एस्तेर अशी तीन नावं उभी होती. मार्था या नावाला मार्थाबाईंनीच विरोध केला. म्हणाल्या, एका घरात एवढी एक पुरे. एस्तेर निवडून आली. मीही खूश होते. राणीचं नाव! मी वहीच्या मागच्या पानावर ते नाव वळणदार अक्षरात पन्नास वेळा लिहून काढलं. मनाच्या तळाशी मात्र वेशीजवळची शपथ टोचत होती.

तो रविवार उजाडला. दमणीने, मग मोटारीने माय आणि बाबा आले, सोबत पोतंभर वांगी. उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं आणि मंडळींनी रोडग्यांचा बेत केला होता, म्हणजे कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचे आणि तुपात कुस्करून वरणासोबत, वांग्याच्या भाजीसोबत खायचे. देवळामागच्या मोकळ्या जागेत शहरातले चार ख्रिस्ती पुरुष गोवऱ्या रचत होते. बाबांनी ते बघितलं आणि त्यांना राहवेना. ‘‘अजी, अशानं वरून करपतीन अन् आतून कच्चे रायतीन,’’ असं म्हणून त्यांनी टोपी काढून ठेवली, बाह्या सरसावल्या आणि सगळी रचना मोडून नव्याने मांडली. बाबांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत चला म्हटलं तर म्हणाले, ‘‘आराकडं कोन पाह्यनार?’’ आत यायचं नव्हतं, आणि परतही जायचं नव्हतं, म्हणून त्यांनी विस्तवाशी मुक्काम केला.

माय एकटीच आत आली आणि दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर बसली. वसतिगृहातून आणलेली आमची पेटी वाजली, नेमक्या जागी खोकली. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. पितळी भांड्यात पाणी होतं. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, शब्द चुकले नाहीत. मग त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘हिचं नाव काय?’’ मार्थाबाई उत्तर द्यायला उठल्या.

‘‘थांबा,’’ मागून आवाज आला.

सगळी मंडळी वळली. माय उभी होती. मला वाटलं, आता ती मला हाताला धरून घेऊन जाणार. माय दोन पावलं पुढं आली आणि इतक्या हळू बोलली की मला ओठच हललेले दिसले.

‘‘ऐकू आलं नाही, बाई,’’ पाळकसाहेब म्हणाले.

मायने एकदा वर कौलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती घशाच्या शिरा ताणून, आमच्या उकिरड्यावर ती शेजारीण ओरडली असेल त्याच्या दुप्पट मोठ्याने म्हणाली, ‘‘शेवंता! शेवंता नाव हाय तिचं. पोटात होती तवाच मनात ठेवलं होतं. तोंडातून कवा काहाडलं नाही.’’

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. एस्तेर कुठल्या कुठे गेली. डोक्यावर पाणी पडलं, मानेवरून पाठीत ओघळलं, आणि माझ्या मायने ठेवलेल्या नावाने मी देवाच्या घरात आले. पोरी रडत होत्या, मार्थाबाई चष्मा पुसत होत्या. तेवढ्यात दारात बाबा उभे दिसले. मायचं ओरडणं ऐकून ते विस्तव सोडून धावत आले होते, हाताला कोपरापर्यंत राख, हातात चिमटा. त्यांनी आत नजर फिरवली आणि घाबरून विचारलं, ‘‘काय झालं? कोन शेवंता?’’

माय वळली. आता तिला हळू बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

‘‘तुमची पोरगी हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पाह्यली का, कशी साजरी दिसून राह्यली.’’